स्कॉर्पिओ, दोन पोरं आणि एक तंबू : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार (दसरा)

गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि त्याच मुहूर्तावर ही वही उघडली.

गाडी : २०१३ची स्कॉर्पिओ, फोर बाय फोर, सेकंडहँड, १ लाख १२ हजार किलोमीटर पळालेली. पोरं : थोरली चार वर्षांची, धाकटा सात महिन्यांचा, वजन ७.८ किलो. चालक मी. स्वयंपाक, नकाशा आणि धाकट्याची शी-शू ही खाती नवऱ्याकडे.

थोरली होण्याआधी आम्ही महिन्यातून एकदा तरी कुठेतरी मुक्काम ठोकायचो. ती झाल्यावर कोविड, मग नोकरी, मग धाकटा. भेटेल तो म्हणतो, पोरं मोठी होऊ देत. पोरं मोठी झाली की त्यांचे क्लास सुरू होतील, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून जानेवारी संपायच्या आत दोघांना घेऊन दोन मुक्काम करायचे, एवढंच उद्दिष्ट.

काल रात्री बसून केलेली खरेदीची यादी : छतावरचा तंबू, ऑल-टेरेन (खडबडीत वाटेचे) टायर, सस्पेन्शन उंच करायचा संच, गाडीच्या बाजूला ताणायची कनात, बारा व्होल्टचा फ्रिज. बेरीज पावणेतीन लाख. ही यादी खोडायची नाही, नंतर हसायला लागेल.

१३ ऑक्टोबर, रविवार

सुरुवात चाइल्ड सीटपासून. नणंदेकडून आणलेली सीट उलटी करून पाहिली तर खाली कोरलेली मुदत २०२१लाच संपलेली. ही प्लास्टिकची वस्तू, बंद गाडीत उन्हाळे काढून ठिसूळ होते. पट्टे नवेकोरे दिसत होते म्हणून मी जवळजवळ बसवलीच होती.

दुसरी सीट मैत्रिणीची, मोठी, उलट-सुलट दोन्ही बाजूंनी बसणारी. मागे तोंड करून बसवायला गेले तर गाडीचा पट्टा चार बोटं कमी पडला. जुन्या गाड्यांत हे होतंच. दुकानदार म्हणाला पट्ट्याला जोड देतो. जोड नको. तो तुकडा कशावर तपासलाय, कुणाला माहीत? शेवटी १३ किलोपर्यंतची बादलीच्या आकाराची लहान सीट घेतली. तिला पट्टा पुरतो. घट्ट आवळल्यावर सीट एक इंचाहून जास्त हलता कामा नये. गुडघा टेकवून, सगळं वजन टाकून आवळल्यावर जमलं.

धाकट्याचं तोंड मागेच राहणार. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी. अचानक ब्रेक लागला तर मागे तोंड असलेल्या पोराच्या पाठीला, डोक्याला सीटचं कवच झेलतं. समोर तोंड असेल तर सगळा झटका मानेवर. पुढच्या सीटवर मात्र मागे तोंड करून कधीच नाही, समोर एअरबॅग आहे.

मांडणी : डाव्या सीटमागे धाकटा, माझ्यामागे थोरली तिच्या पुढे तोंडाच्या सीटवर, मधे कंबरपट्ट्याच्या जागी डबे-कपड्यांची पिशवी, तीही बांधून. पुढच्या सीटवर नवरा, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले. त्याची तक्रार नोंदवून घेतली.

आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, मांडीवर घेऊन बसा की, आम्ही नाही का नेलं? त्यांना कायदा सांगितला : २०१९च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. सुरक्षिततेच्या गोष्टीने त्या हलल्या नाहीत. हजार रुपयांनी हलल्या.

२० ऑक्टोबर, रविवार

आधीच्या मालकाने पुढे लावलेला लोखंडी बुलबार काढला. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून असे बार बेकायदा असल्याचं कळवलं होतं. त्याहून मोठं कारण म्हणजे धडक शोषून घेणारा गाडीचा पुढचा भाग बारामुळे नीट काम करत नाही. भंगारात अठराशे रुपये आले. यादीबाहेरची ही पहिली कमाई.

आज तांदूळबाळाची चाचणी. धाकट्याच्या सीटमध्ये आठ किलो तांदळाचं पोतडं, वर चार पट्टे, त्याला टोपडं. टोपडं थोरलीची सूचना. समोर मोबाइल बांधून चित्रीकरण. पानशेतच्या वाटेवर खडीचा एक सोडून दिलेला तुकडा आहे, साधारण आठशे मीटर. तिथे चार फेऱ्या मारल्या.

टायरमध्ये हवेचा दाब ३२ पीएसआय, वेग २० : पोतडं शिंक आल्यासारखं सारखं उडतंय. ३२च, वेग १० : बरं, पण कडक. २२ पीएसआय, वेग १० : फरक दिसण्याजोगा. टायर दगडावर बसतो, उसळत नाही. २२ पीएसआय, वेग २० : पुन्हा उडायला लागलं. म्हणजे हवा कमी करून अर्धंच काम होतं, उरलेलं पायाने करायचं. नव्या टायरांचे ऐंशी हजार या एका सकाळी वाचले, असं मी धरून चालले आहे.

सासरे मागे बसले होते. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. दोन फेऱ्या गप्प होते. मग म्हणाले, "अगं, खड्ड्यात शिरताना ब्रेक दाबून धरतेस तू. आधी दाब, चाक खड्ड्यात उतरायच्या आत सोड." ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, पुढच्या स्प्रिंगा आधीच दबतात, आणि नेमक्या खड्ड्यात त्यांना दबायला जागाच उरत नाही. तिसऱ्या फेरीपासून सोडून पाहिलं. पोतड्याचं टोपडं जागेवर राहिलं. सस्पेन्शनचा संच यादीत आहे तिथेच राहू दे.

घरी येताना हवा भरायला बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर लावला. चार टायरांना पंचवीस मिनिटं, इंजिन चालू ठेवून, आणि आवाज असा की शेजारच्या कुत्र्याने जागा बदलली. धाकटा झोपलेला असताना हे यंत्र लावता येणार नाही.

३ नोव्हेंबर, रविवार (भाऊबीज)

दादाने ओवाळणीत छतावरचा तंबू देऊ केला, त्याचा वापरून झालेला. मोह झाला. संध्याकाळी गच्चीच्या कठड्यापाशी शिडी लावून विचार केला : जमिनीपासून दोन मीटरवर झोपायचं. धाकटा आता पोटावरून सरपटतो, महिन्याभरात रांगेल. थोरलीला रात्री एकदा शूला उठावं लागतं. रात्री अडीचला, अंधारात, एका हातात पोर धरून शिडी उतरायची. वर स्कॉर्पिओ मुळात उंच, तिच्या डोक्यावर आणखी पन्नास-साठ किलो, आणि तिरक्या वाटेवर चालवायची.

नाही म्हटलं. दादा जरा रुसला. त्याने मग पाकिटात पैसे घातले, त्यातून जमिनीवरचा चार माणसांचा तंबू आणला. तळ शिवलेला, दाराच्या चेनी शेवटपर्यंत बंद होणाऱ्या. तळ शिवलेलाच हवा, हे दुकानात तीनदा सांगावं लागलं. का, ते पुढे येईल.

१० नोव्हेंबर, रविवार

मागच्या आडव्या सीटा दुमडून बाजूला, मधल्या जागेत प्लायचा खोका. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ मिलिमीटरचं प्लाय, कापून आणलं. सुताराला ड्रॉवर सुचला होता. ड्रॉवरच्या सरकपट्ट्या महाग, जड, आणि धुळीत अडकणाऱ्या. त्याऐवजी वरून उघडणारी तीन झाकणं, साधी बिजागरी, कडी.

कप्पा एक : चूल, म्हणजे एका शेगडीचा गॅस आणि पाच किलोचा सिलिंडर, उभा, पट्ट्याने आवळून. कप्पा दोन : धाकट्याचं सगळं. कप्पा तीन : फावडं, ओढायचा पट्टा, कॉम्प्रेसर, प्रथमोपचार.

खोका तयार झाला आणि कप्पा दोन उघडायला कप्पा एकवरचं सामान उचलावं लागतं, हे लक्षात आलं. रात्री लंगोट बदलायला गॅसची शेगडी उचलायची! पुढचं मागे, मागचं पुढे केलं. आणखी दोन तास. सुतार काही बोलला नाही, पण चहा दोनदा प्यायला.

खोका चार ठिकाणी बांधला आहे. सुटं काही नाही. ब्रेक लागल्यावर मागून येणारी पाण्याची बाटलीसुद्धा पोराच्या डोक्याला दगडासारखी लागते.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, त्यामुळे सुट्टी. बोटाला शाई लावून आलो आणि गच्चीवर तंबू ठोकला. सराव मुक्काम.

नापास. स्वच्छ नापास.

रात्री ९.१० धाकटा झोपला. ९.५० उठला. ११.१५ उठला. १.००, २.४०, ४.०५. चार वाजता मी त्याला घेऊन खाली घरात गेले. थोरली मात्र सकाळी आठपर्यंत ढाराढूर, उठल्यावर म्हणे आपण खरे जंगलात कधी जाणार.

सकाळी बसून कारणं काढली. हवेची गादी : नवरा कूस बदलला की धाकटा होडीत बसल्यासारखा वर-खाली. शिवाय एवढ्याशा पोराला मऊ, खचणारी गादी नकोच. तोंड रुतलं तर त्याला मान वळवता येईलच असं नाही. तंबूचं कापड वाऱ्याने कुरकुरत होतं. चेन उघडली की चर्र आवाज. आणि आम्ही त्याला नेहमीच्या वेळेआधी तासभर झोपवायला गेलो, कारण आम्हाला तंबूत शिरायची घाई.

बदल : गादी बाद. खाली ताडपत्री, वर फोमच्या कडक चटया, त्यावर आजीने शिवलेली गोधडी ताणून, चारी कडा चटईखाली खोचून. धाकट्याची जागा वेगळी, कडेला, उशी नाही, सुटं पांघरूण नाही. थंडीसाठी अंगातच थर : झबलं, लांब बाह्यांचा सदरा, वर पायापर्यंतची लोकरी पिशवी. कानटोपीवरून आईंशी वाद झाला. बाहेर फिरताना कानटोपी, झोपताना नाही, कारण लहान मुलं डोक्यावाटे जास्तीची उष्णता बाहेर टाकतात आणि टोपी घसरून नाकावरही येते. थंडी वाजतेय का ते हातापायांवरून कळत नाही, ते गारच असतात. मानेमागे बोटं घालून बघायचं. मान कोमट तर ठीक, घामट तर एक थर कमी.

चेनींना मेणबत्ती घासली. आवाज निम्मा झाला.

त्या रात्रीपासून या वहीत गाडीचं पान क्वचित उघडतंय. रोज झोपेचंच लिहिते आहे. धाकट्याच्या झोपा दोन, साडेनऊ ते साडेदहा आणि दोन ते साडेतीन. प्रवासाचा सगळा आराखडा त्या दोन तुकड्यांभोवती आखायला घेतला : गुळगुळीत रस्ता झोपेत, खडबडीत रस्ता जागेपणी, आणि पाजल्यावर पाऊण तास तरी खडबडीत काही नाही. सीटमध्ये सलग दीड तास झाला की थांबायचं, पोर बाहेर काढून आडवं करायचं. गाडी थांबल्यावर झोपलेलं पोर सीटसकट उचलून झाडाखाली ठेवणं सोयीचं वाटतं, पण हनुवटी छातीला टेकून श्वास दबू शकतो. उठलं तर उठलं.

३० नोव्हेंबर – १ डिसेंबर

वेल्ह्याजवळ नवऱ्याच्या मित्राच्या शेतावर पहिला खरा मुक्काम. तोरणा समोर. त्रोटक लिहिते, कारण बहुतेक गोष्टी बऱ्या झाल्या.

धाकटा दोनदाच उठला. घरीही दोनदाच उठतो.

अपघात : थोरली तंबूच्या तणाव्याला अडखळून पडली, कपाळावर टेंगूळ. दोर हिरवा, गवत हिरवं, संध्याकाळ. आईंच्या जुन्या पांढऱ्या साडीच्या चिंध्या फाडून प्रत्येक तणाव्याला बांधल्या. कंपनीच्या चमकत्या दोऱ्या चारशेला मिळतात, पण चिंध्या फडफडतात, त्यामुळे जास्त दिसतात.

स्वयंपाक : मोठ्यांना पिठलं-भात, त्याच कुकरात वाटीत धाकट्याची खिमटी. तांदूळ-मुगडाळ घरूनच भाजून, भरडून डब्यात नेलेली. बिनमिठाची, वर तूप. मित्राची आई मध चाटवायला निघाली होती, तिला अडवलं. वर्षाच्या आत मध नको, त्यातल्या जीवाणूच्या बीजाणूंनी बाळाला विषबाधा होऊ शकते. तिला वाईट वाटलं. मध तिच्या शेतावरच्या पोळ्याचा होता, आणि मी तो पोळीबरोबर भरपूर खाल्ला तेव्हा तिचा राग गेला.

चुलीभोवती दगडांचं वर्तुळ, थोरलीला नियम : वर्तुळाच्या आत फक्त बाबा. ती रात्रभर त्या वर्तुळाची पोलीस होती, मलाही आत येऊ दिलं नाही.

लंगोट : २६ तासांत ९. इथे एक शोध लागला, या प्रकल्पातला सगळ्यात मोठा : रंगाची दहा लिटरची रिकामी बादली. तिचं झाकण घट्ट बसतं, वास बाहेर येत नाही, गाडीत उलटली तरी सांडत नाही. वापरलेले डायपर आणि ओले रुमाल सगळे त्यात, थेट पुण्यापर्यंत. लोक डायपर पुरतात. रात्री कुत्री-कोल्ही उकरून काढतात आणि सकाळी ते अख्ख्या शेतभर असतं.

७ डिसेंबर, शनिवार

बालरोगतज्ज्ञांकडे तासभर. औषधांची पेटी त्यांच्यासमोर मांडली. तापाच्या थेंबांचं माप वजनावरून लिहून घेतलं, झाकणाच्या आत चिकटवलं. ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर. डास पळवणारं मलम धाकट्याच्या हातांना लावायचं नाही, हात तोंडातच असतात. त्याच्यासाठी मच्छरदाणी आणि पूर्ण कपडे हाच खरा उपाय.

सापांबद्दल वेगळं विचारलं. आपल्याकडचे चार मुख्य विषारी : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. तंबूवाल्यांनी त्यातल्या मण्यारीचा विचार जास्त करावा. ती रात्री हिंडते, उंदीर-सापांच्या मागावर घरात, अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही. माणूस सकाळी पोटदुखीने उठतो, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. शिवलेला तळ आणि शेवटपर्यंत बंद चेन हवी ती यासाठी. चेन दोन इंच उघडी म्हणजे दार सताड उघडं.

चावलंच तर : कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, अंग हलवू द्यायचं नाही, १०८ला फोन आणि सरळ रुग्णालय. निघण्याआधी तालुक्याच्या रुग्णालयात फोन करून प्रतिविष आहे का विचारायचं. विंचवाचंही तेच. तांबडा विंचू मोठ्यांना रडवतो, लहानग्यांच्या हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून हे मृत्यू कितीतरी कमी केले, त्यासाठी त्यांना २०२२ची पद्मश्री मिळाली. सासऱ्यांची महाडची फेरी असायची, त्यांना हे नाव माझ्याआधी माहीत होतं.

१४–१५ डिसेंबर, केळद

दत्तजयंती, चांदणं टिपूर.

सकाळी ९.२० निघालो, म्हणजे साडेनऊची झोप हायवेवर. चेलाडी फाट्याला उठला, उतरलो, पाजलं, थोरलीने वडापावच्या गाडीपाशी पंधरा मिनिटं एका कोंबडीशी गप्पा मारल्या. नकाशा एकूण दोन-सव्वादोन तास दाखवत होता, आम्हाला चार तास दहा मिनिटं लागली. यापुढे नकाशाच्या वेळेची दुप्पट धरायची.

वेल्ह्यापुढच्या चढाला थोरलीला उलटी झाली. तान्ह्या पोरांना गाडी सहसा लागत नाही, दोन वर्षांपुढे लागायला लागते. चूक माझी : वळणांत तिच्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं. डोळे पुस्तकावर स्थिर, कान सांगतायत आपण गरगरतोय. आइस्क्रीमचा मोठा डबा तयार होता, निम्मं त्यात गेलं. पुस्तक काढलं, खिडकी उघडली, "पुढे कोणतं वळण ते तू सांग" हे काम तिला दिलं. ती "डावं!" ओरडायची आणि वळण उजवं निघायचं, पण उलटी पुन्हा झाली नाही.

गावात विचारून एका घराच्या मागच्या खाचरात तंबू. भात निघून गेलेलं, जमीन कोरडी, सपाट. घरच्या मावशींनी पेंढ्याच्या गंजीशेजारी जागा दाखवली होती, उबदार म्हणून. गंजीत उंदीर, उंदरांमागे साप, म्हणून आम्ही वीस पावलं लांब सरकलो. मावशींना कारण सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ते खरंच हाय. मग लेकराला भुईवर कशाला निजवता, बाज देते की." बाज आणलीही. पण तंबूच्या दारातून ती आत जाईना. संध्याकाळभर धाकटा तिच्यावर राजासारखा बसला.

मावशींनी चुलीवर पाणी तापवून दिलं. मी पुसून काढणार होते, त्यांनी पायांवर घेऊन रीतसर आंघोळच घातली. पोर एकदाही रडलं नाही. घरी बाथटबमध्ये कांगावा करतं.

रात्री तंबूत ९ अंश. नवऱ्याने निखाऱ्यांचं घमेलं आत घ्यायचं का विचारलं. नाही. तंबूत निखारे नाहीत, गॅस नाही, काहीच जळतं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्याला तो आणखी झोपवतो. आम्ही मोजे चढवले. धाकट्याची मान पहाटे चारला कोमट होती. मी मात्र ती मान तपासायला सहा वेळा उठले, त्याची मोजणी कुठे करायची?

सकाळी मढे घाटाच्या कड्यापर्यंत चालत. धाकटा माझ्या पाठीवर, थोरली बापाच्या खांद्यावर. तानाजी मालुसऱ्यांना याच वाटेने उमरठला नेलं असं सांगतात, तेवढं तिला सांगितलं. तिचा प्रश्न : "त्यांना पण उलटी झाली का वळणावर?"

परतताना गावामागचा ओढा. पाणी घोटाभर, पात्रात गोटे आणि वाळू. आमचा नियम असा : जिथे मी उतरून बघावं असं मला वाटतं, तिथे पोरं आधी उतरतात. नवरा दोघांना घेऊन वरच्या बांधावर, पन्नास पावलांवर. मी चालत पात्र पाहिलं, फोर-लो (चारही चाकं हळू पण जोरात फिरवणारा गिअर) टाकलं, आणि पलीकडच्या काठावर चढताना मागचं उजवं चाक वाळूत गेलं.

पहिल्यांदा जे करायचं नसतं तेच केलं, गॅस दिला. चाक आणखी चार बोटं खाली. मग इंजिन बंद, खाली उतरून फावडं. चाकांपुढची वाळू उपसली, टायर २२चे १८वर आणले, चपटे गोटे चाकाखाली सरकवले. धाकटा वर भोकाड पसरून, कारण ही त्याची पाजायची वेळ. त्या रडण्यात फावडं मारणं हा अनुभव कुठल्याच व्हिडिओत नव्हता. शेवटी फावडं टाकलं, बांधावर जाऊन त्याला पाजलं, वीस मिनिटं, गाडी ओढ्यात तशीच. परत आले तर डोकं शांत होतं. सावकाश क्लच सोडला, गाडी पहिल्या प्रयत्नात बाहेर. १८वर दोनशे मीटर रांगत नेली, मग धाकटा जागा असतानाच कॉम्प्रेसर लावला. तो आवाज त्याला भलताच आवडला.

२२ डिसेंबर, रविवार

सामान कमी करणे. केळदला नेलेल्या वस्तूंपैकी हात न लागलेल्या : घडीच्या चार खुर्च्यांपैकी तीन, कंदील, दुसरी कढई, थोरलीची खेळणी सगळी (ती दगड गोळा करत होती), पाऊस नसताना छत्री. एकूण १९ किलो बाहेर काढले. कमी पडलेलं : पाणी. ३० लिटर नेलं होतं, सकाळी दहाला ४ उरलं. धाकट्याचं पाणी उकळूनच, त्यामुळे त्याचा थर्मास वेगळा. आता दोन वीस लिटरचे जार.

थोरलीचं पॉट गाडीतच राहणार. उघड्यावर बसायला ती तयार नाही, आणि मी आग्रह करणार नाही.

२५–२६ जानेवारी २०२५, हिर्डोशीचं खोरं

नीरा-देवघरच्या जलाशयाच्या वर, सासऱ्यांच्या ओळखीच्या शेतात. या वेळी आई-बाबाही, दुसऱ्या गाडीने. आईंनी येताना सूप, हलव्याचे दागिने आणि पिशवीभर बोरं आणली होती. धाकट्याचं बोरन्हाण संक्रांतीला राहून गेलं होतं, रथसप्तमीपर्यंत चालतं.

तंबू पाण्यापासून दोनशे पावलं वर. सगळे विचारतात, पाण्याकाठी का नाही, किती सुंदर दिसतं. धरणाचा काठ समुद्रासारखा उथळ उतरत नाही, खाली बुडालेली खाचरं असतात, पायरीसारखा एकदम खोल होतो, आणि उघड्या पडलेल्या गाळात मोठ्याचाही पाय गुडघ्यापर्यंत जातो. चार वर्षांच्या पोरीला पाण्यापर्यंत धावत जायला दोनशे पावलं लागतात, तेवढ्यात मला तिला गाठता येतं. मी शर्यत लावून तपासलं. थोड्याने जिंकले.

रात्री धाकटा एकदाच उठला.

सव्वीसला सकाळी शेजारच्या वाडीच्या शाळेतून झेंडावंदनाचं गाणं येत होतं. बांधावरच्या बोरीखाली सतरंजी टाकली. धाकटा काळ्या झबल्यात, हलव्याचा मुकुट, गळ्यात हार. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे. वाडीतली पोरं तुटून पडली, थोरली सगळ्यांत पुढे. मी मात्र त्या दहा मिनिटांत धाकट्याच्या तोंडावरून नजर हलवली नाही. त्याला आता चिमटीने उचलता येतं, आणि हरभऱ्याचा दाणा बरोबर घशात अडकण्याच्या मापाचा असतो. एक चुरमुरा आणि हलव्याचा एक दाणा त्याच्या गालातून बोट घालून काढला. नंतर सतरंजी झटकून घेतली तरी संध्याकाळी त्याच्या मुठीत एक बोर सापडलं. कधी घेतलं, माहीत नाही.

परतीच्या दोन किलोमीटर शेतवाटेवर सासरे माझ्या शेजारी बसले. काही बोलले नाहीत. एका ठिकाणी मी खड्ड्यात ब्रेक धरला, तेव्हा त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा किंचित वर झाला, एवढंच.

२ फेब्रुवारी, रविवार

गाडी धुतली. खोक्याच्या मधल्या झाकणाची बिजागरी सैल, उद्या स्क्रू बदलणे. धाकटा ९.३ किलो, बादली-सीट अजून पुरते, पण खांद्याचे पट्टे एक खाच वर घेतले. थोरलीला मेअखेर भंडारदऱ्याला काजवे बघायचे आहेत. त्या दिवसांत तिथे गाड्यांच्या रांगा लागतात, दिव्यांच्या झोतात काजवेच बिथरतात, आणि वळवाचा पाऊस केव्हाही गाठतो. दुसरी, कमी माहितीची जागा शोधायला नवऱ्याला सांगितलं आहे. शोधली तरी नाव कुणाला सांगणार नाही.

पावणेतीन लाखांच्या यादीतलं आजवर काहीच घेतलं नाही. खर्च : सीट, तंबू, प्लाय, सुतार, चटया, कॉम्प्रेसर, मिळून ३४,६०० रुपये. वजा बुलबारचे अठराशे आणि दादाची ओवाळणी.

रंगाची बादली धुऊन गच्चीवर उलटी वाळत टाकली आहे. झाकण सापडत नाही. थोरलीवर संशय आहे, ती सकाळपासून स्टीअरिंग घेऊन फिरते आहे.